कार्डांवरचं कुंकू

हल्ली कुणीही उठतं आणि सांगतं की सोलापुरात राहून कॉम्प्युटरवर काम करणारा पहिला माणूस म्हणजे मळगे सर. असतील. पहिलं कोण आणि दुसरं कोण हे बघायला मी बसले नव्हते. पण ज्यांनी त्यांना कधी डोळ्यांनी बघितलं नाही तेही त्यांच्याविषयी गळा भरून बोलायला लागले की मला हसू येतं. मी त्यांना जेवायला वाढत होते. ज्याला दोन्ही वेळा वाढलं, त्याच्याविषयी गळा भरून येणं अवघड असतं.

साखर पेठेत माझी खानावळ होती. पुढच्या खोलीत पंगत, मधे चूल, मागं अंगण आणि अंगणापलीकडं एक सुटी खोली. ती खोली मळगे सरांना राहायला दिली होती. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यामुळं इथं शास्त्राचं जे लिहीन ते त्यांनी सांगितलं तसं आणि मला कळलं तसं. चुकलं तर चूक त्यांच्या नावावर घाला, सांगणारे तेच होते. आणि मी त्यांना इथं अहो-जाहो करते आहे ती जिभेची सवय म्हणून. मान वगैरे काही नाही.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. गाव अक्कलकोटच्या पलीकडं, घरची बोली कानडी. एरवी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायचे, चिडले की कानडी. अंगानं काटकुळे आणि उंच. पुढं वाकून चालायचे, रस्त्यात काहीतरी सांडलंय आणि आपण ते शोधतोय असं. मला अक्का म्हणायचे. माझ्याकडं जेवले तेवढ्या काळात एकदाही स्वयंपाक चांगला झाला असं म्हणाले नाहीत. एकदा मीच विचारलं, तर म्हणाले, "चव वस्तूत नसते अक्का, जिभेत असते." मी म्हटलं, मग उद्यापासून जीभ घासून येत जा.

त्यांच्या ताटात कुठलाही पदार्थ दुसऱ्याला शिवलेला चालत नसे. चटणी भाकरीपासून लांब, भाजी एका कडेला, डाळ वाटीत आणि ती वाटीसुद्धा ताटाबाहेर. शेजारी बसलेल्याचा हात लागून काही कलंडलं की यांच्या चेहऱ्यावर सुतक. नवा माणूस असला तर त्याला वाटायचं, फार सोवळ्यातलं घराणं दिसतंय. सोवळं-ओवळं काही नव्हतं. कुठला पदार्थ कुठल्या पदार्थाशी काय करतो याचा त्यांचा अभ्यास चालला होता आणि ताटात तो बिघडू नये एवढीच काळजी.

हे वेड लागलं ते मिलोमुळं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो मिळायचा. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. पीठ विटकरीच्या भुग्यासारखं, थापताना भाकरीच्या कडा फुटायच्या, आणि खाल्ली की कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ कोरडी पडायची. सगळं गाव त्या मिलोला शिव्या घालत होतं. मळगे सर तेवढे खूष. घास तोंडात धरून डोळे मिटून बसायचे. पंगतीतले लोक एकमेकांना खुणा करायचे.

मग एके दिवशी त्यांनी मला चुलीपाशी येऊन समजावलं. मिलोच्या दाण्यात एक तुरट द्रव्य असतं. जीभ कोरडी पडते ती त्यामुळं, कारण ते आपल्या थुंकीतल्या प्रथिनाला धरून बसतं. थुंकीतल्या प्रथिनाला धरतं, तर डाळीतल्यालाही धरत असणार. म्हणजे गरिबानं मिलोबरोबर डाळ खाल्ली तरी त्या डाळीतलं थोडंच अंगी लागणार. प्रथिन म्हणजे माळ. तिच्यात वीस जातींचे मणी, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. यातल्या कुठल्या मण्याला ते तुरट द्रव्य धरतं आणि किती घट्ट धरतं, ते त्यांना काढायचं होतं.

"कोण कुणाचा हात धरतं, तेवढंच बघायचं आहे अक्का," ते म्हणाले. "ते कळलं की सोडवता येईल."

मी म्हटलं, काचेच्या नळीत घालून बघा की. तर म्हणे, नळीत धरलेलं दिसतं, कुठं धरलंय ते दिसत नाही. त्यासाठी पुण्याला एक यंत्र होतं, तोच तो कॉम्प्युटर. त्या यंत्राला मण्याचा आकार सांगायचा, तुरट द्रव्याचा आकार सांगायचा. मग ते यंत्र एकाला दुसऱ्याजवळ नेऊन बघतं, नाही बसलं तर जरासं वळवून परत बघतं, परत वळवतं. सुईत दोरा ओवताना आपण करतो तसं. फक्त यंत्राला डोळे नसतात, नुसते आकडे असतात. हे सगळं ते इतकं मन लावून सांगत होते की तव्यावरची भाकरी जळली. त्यांना वास आला नाही.

त्यापुढं ते पंगतीत बसून आधी भाकरी-चटणी खायचे, हात धुवायचे, अंगणात फेऱ्या मारायचे आणि मग येऊन उभ्यानं डाळ प्यायचे. आमच्याकडं नरसय्या म्हणून यंत्रमागावरचा एक कामगार जेवायला यायचा, तेलुगू विणकरांतला पद्मशाली, तोंडानं फटकळ. त्यानं विचारलं, "सर, पोटात गेल्यावर दोगं भेटत न्हाईत व्हय?"

सर म्हणाले, "भेटतात. पण तोवर डाळीचं काम झालेलं असतं."

"मग पोलिसाचा बंदोबस्त लावा की मधी," नरसय्या म्हणाला, आणि पंगत हसली. सर हसले नाहीत. त्यांना थट्टा कळायची, पण ती शास्त्राची असली की ते बहिरे व्हायचे.

मणी त्यांनी खरोखर ओवले. वीस जातींचे मिळेनात म्हणून मंगळवार पेठेतून काचेचे आणले, त्यात सदऱ्याची बटणं घातली, चिंचोके घातले, रिठे घातले, प्रत्येक जातीला एकेका आम्लाचं नाव दिलं, आणि ती भलीमोठी माळ अंगणात या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत बांधली. खोलीत मावत नव्हती. सुट्या तारेचं एक वेडंवाकडं कडबोळं केलं होतं, ते तुरट द्रव्य. जेवण झालं की अंगणात उभे राहून ते कडबोळं एकेका मण्याजवळ न्यायचे, मान तिरकी करून बघायचे, वळवायचे, परत बघायचे. रस्त्यावरून जाणारी माणसं कुंपणापाशी थांबायची. एकदा नरसय्यानं हात धुऊन ओला टॉवेल सवयीनं त्या दोरीवर टाकला. सर खोलीतून धावत आले.

"तुम्ही लायसीनवर टॉवेल टाकला आहे."

नरसय्यानं टॉवेल उचलून खाली बघितलं. चिंचोका होता. "भिजलं आसंल तर वाळंल की सर," तो म्हणाला. सर कानडीत काहीतरी बोलले. ते मला कळलं, पण इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यांना चांगलं म्हणावं अशी एक गोष्ट आठवते. दुष्काळात नळाला पाणी यायचं ते मन मानेल तेव्हा, आणि आलं की बायकांची रांग. सर त्या रांगेत खानावळीचा हंडा घेऊन उभे राहायचे. लाज वाटायची नाही. बायका टिंगल करायच्या, बाजूला ढकलायच्या. हे आपले आकडे पुटपुटत उभे. हंडा भरून आणायचे आणि अर्धा रस्त्यात सांडायचे, ते वेगळं.

देवाधर्माची मात्र त्यांना फार चीड. दुष्काळाच्या पुढच्या साली खंडेनवमीला नरसय्यानं त्यांना आपल्या मागावर प्रसादाला बोलावलं. सोलापुरात त्या दिवशी जो तो आपलं हत्यार पुजतो. मागाला झेंडूची माळ, धोट्याला हळदकुंकू, नारळ. सर गेले, प्रसादाचं खोबरं खाल्लं, आणि खाता खाता सगळ्या मागवाल्यांसमोर विचारलं, लोखंडाला कुंकू कळतं का? नरसय्या म्हणाला की लोखंडाला कळू दे नाहीतर नको, मला कळतं. सर म्हणाले, हे उत्तर नव्हे. घरी आल्यावर मलाही सांगितलं, अडाणीपणा कसा पिढ्यान्‌पिढ्या चालतो ते. तोंडाला खोबरं तसंच लागलेलं.

आता त्यांच्या बायकोविषयी लिहायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे.

निलव्वा होटगीची. तिचे वडील रेल्वेत पॉइंट्समन, स्टेशनाजवळच क्वार्टर. सरांशी लग्न लावून दिलं तेव्हा जावई कॉलेजात प्रोफेसर म्हणून सगळ्या होटगी स्टेशनावर पेढे वाटले होते. मग कळलं की नोकरी कच्ची आहे, वर्षाला नव्यानं ठेवून घेतात. तेव्हापासून सासऱ्यांनी मुलगी माहेरीच ठेवून घेतली. नोकरी कायम झाल्याचा कागद दाखवा, मग नांदायला पाठवतो, असं सरळ सांगितलं. सणावाराला तेवढी पाठवायचे. ती आली की सरांच्या खोलीत झाडलोट करायची आणि बाकी वेळ माझ्याजवळ चुलीपाशी. हाताला चपळ, बोलायला थोडकी. मी तिला विचारलं होतं, तुला यायचं आहे का? ती म्हणाली, "मला कोन इचारतंय? बाबा म्हनत्यात कायम हू दे, हे म्हनत्यात गनित हू दे."

दोन्ही एकच झालं होतं. कॉलेजात दोघे कच्चे होते, त्यातल्या एकाला कायम करणार होते. प्रिन्सिपॉलांनी सरांना सांगितलं की तुमच्या या पुण्याच्या कामाचं काही फळ दिवाळीच्या सुट्टीआधी टेबलावर ठेवा, मी तुमचं नाव पुढं करतो. पुण्याच्या यंत्राची पाळी लागायची. सरांना पाळी मिळाली ती दसरा झाल्यावर लगेच. ती साधली की फळ, फळ आलं की नोकरी, नोकरी आली की बायको. असा सरळ हिशेब होता आणि हे सगळ्या खानावळीला पाठ होतं.

त्या यंत्राला जे सांगायचं ते पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून सांगावं लागे. कार्डं पुण्यालाच तयार झाली होती. तिथले लोक म्हणाले, इथंच ठेवून जा. पण सरांचा कुणावर विश्वास? पेटीत भरून घरी घेऊन आले आणि एकेक कार्ड उन्हाकडं धरून भोकं तपासत बसले. कुणी जवळून गेलं तरी ओरडायचे. कार्डं एकापाठोपाठ एक यंत्राच्या तोंडात जातात, एकाची कड जरी दुमडली तरी यंत्र खात नाही, असं सांगायचे. नरसय्या म्हणाला, म्हणजे तुमच्यासारखंच जेवतंय.

त्याच खंडेनवमीला निलव्वा आली होती. सकाळी उठल्यापासून माझ्याजवळ कडाकण्या लाटत होती. घटावर बांधायच्या, वर खानावळीतल्या सगळ्यांना द्यायच्या, त्यामुळं दोघींना मान वर करायला सवड नव्हती. मी तेलाचा डबा आणायला म्हणून अंगणातून गेले, तर सरांच्या खोलीचं दार उघडं. मागावरून परत आलेले सर पाटावर बसले होते, ओलेत्यानं. समोर ती कार्डांची पेटी. बाजूला तांब्या, फुलं, हळदकुंकवाची कोयरी. कोयरी माझी होती, कधी उचलून नेली कुणास ठाऊक.

साध्या माणसानं पेटीच्या झाकणाला एक बोट लावलं असतं आणि उठला असता. यांनी तसं केलं नाही. यांना सगळं नीट लागतं. फुलानं पाणी शिंपडलं, मग एकेक गठ्ठा पेटीतून काढला, ओल्या बोटानं त्याच्या कडेला हळद लावली, कुंकू लावलं, नमस्कार केला, परत ठेवला. एकही गठ्ठा सोडला नाही. लोखंडाला कुंकू कळतं का म्हणणारा माणूस पुठ्ठ्याला लावत होता. मी दारात उभी राहिले तर सर दचकले. म्हणाले, "निलव्वाची फार इच्छा होती."

निलव्वाला पत्ताही नव्हता. तिच्या हाताला पीठ होतं. पण मला वाटलं, माणूस घाबरला आहे, आयुष्याचं ओझं त्या पेटीत आहे, लाजेनं बोलला असेल. घाबरलेल्या माणसाला मी काही बोलत नाही. तेल घेऊन आले.

दसरा झाला, सर पुण्याला गेले. परत आले ते तोंड पाडून. ओली कार्डं फुगली होती, कुंकवानं एकमेकांना चिकटली होती. यंत्रानं पहिली काही खाल्ली, मग अडकलं, आत चिंध्या झाल्या. यंत्र चालवणाऱ्यानं सगळ्यांसमोर फाडफाड बोलून पेटी हातात दिली आणि पाळी दुसऱ्याला गेली. आता पाळी दिवाळीनंतर. म्हणजे संपलंच.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते जेवायला बसले, आणि नरसय्यानं विचारलं की सर झालं काय, तेव्हा सगळ्या पंगतीसमोर म्हणाले, "बायकांना समजावून उपयोग नसतो. तिनं पूजा केली. मी घरात नव्हतो."

मी भाकरी टाकायची थांबले. म्हटलं, "सर, ती सकाळपासून माझ्याजवळ लाटत बसली होती."

"तुमच्या लक्षात नसेल अक्का," ते म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. आवाज इतका शांत की कुणालाही वाटावं, म्हातारी विसरली. मी तेव्हा म्हातारीही नव्हते.

हेच त्यांनी पुण्याच्या यंत्रवाल्याला सांगितलं होतं. हेच प्रिन्सिपॉलांना सांगितलं. प्रिन्सिपॉल हळहळले म्हणे, घरचं माणूस असं असलं की काय करणार. हळहळले आणि दुसऱ्याला कायम केलं. आणि हेच त्यांनी पुण्याहून येताना गाडीत एका तिकीट तपासनिसाला सांगितलं होतं, तो ओळखीचा निघाला म्हणून. त्या तपासनिसाची ड्यूटी होटगीवरून. झालं. होटगी स्टेशनावर ज्या लोकांनी लग्नाचे पेढे खाल्ले होते, तेच आता म्हणू लागले की पॉइंट्समनच्या पोरीचा हात लागला आणि पुण्याचं यंत्र बंद पडलं, नवऱ्याची नोकरी गेली. पाण्याला गेली की बायका बाजूला व्हायच्या. एका बाळंतिणीच्या घरी तिला उंबऱ्यातच थांबवलं.

वडिलांनी पोरीला विचारलंसुद्धा नाही. जावई शिकलेला, तो खोटं कशाला बोलेल. एका दुपारी तिला घेऊन सोलापूरला आले आणि भर पंगतीत खानावळीत शिरले. सर जेवत होते. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, सरांच्या ताटासमोर ठेवली आणि हात जोडले.

"पोरीकडनं चूक झाली. पदरात घ्या. तुमची भाकर गेली तिच्यापायी."

मला वाटलं, आता तरी. समोर बापाच्या वयाचा माणूस, टोपी जमिनीवर, पोर दाराला टेकून उभी. आता तरी जीभ वळेल. सरांनी टोपीकडं बघितलं. ताटाच्या फार जवळ होती, म्हणून डाव्या हातानं जराशी सरकवली. आणि म्हणाले, "असू द्या मामा. झालं ते झालं. मी तिला काही बोललो नाही."

म्हणजे माफ केलं. यांनी तिला माफ केलं.

निलव्वा दारातून पुढं आली. ती मोठ्यानं बोलली नाही. तिला मोठ्यानं बोललेलं मी कधीच ऐकलं नव्हतं तोवर.

"मी कवा लावलं वो?"

सर म्हणाले, "आता तो विषय नको."

"मला नगं वाटत न्हाई. मी कवा लावलं तेवडं सांगा. सकाळी? दुपारी? कुटल्या हातानं?"

सरांनी पंगतीकडं बघितलं. नरसय्यानं घास खाली ठेवला होता. कुणीच जेवत नव्हतं. मग सर म्हणाले, आणि हे मी शब्दाला शब्द लिहिते आहे, "तसं पाहिलं तर मुख्य कारण कुंकू नसेलही. हवेतली आर्द्रता."

आर्द्रता! ऑक्टोबरचं सोलापूरचं ऊन, दोरीवर टाकलेलं धुणं काढेपर्यंत खडखडीत होतं, आणि यांना हवेत पाणी सापडलं. नरसय्याला हसू फुटलं. ते दाबायला त्यानं पाणी प्यायला घेतलं तर ठसका लागला. म्हाताऱ्याला आर्द्रता हा शब्द कळला नसेल, पण जावयाचं तोंड कळलं. पॉइंट्समनचं आयुष्य गाडी कुठल्या रुळावर वळली ते बघण्यात जातं. त्यानं टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि मला विचारलं, "बाई, तुमी हिथंच हुता?"

मी म्हटलं, होते. पूजा सरांनी केली, मी बघितलं. तुमची पोर माझ्या चुलीपाशी होती, हे मी त्यांना ते पुण्याहून आले त्याच दिवशी तोंडावर सांगितलं.

म्हातारा दाराकडं वळला. पोरीला चल म्हणाला. ती हलली नाही. तिनं सरांना सांगितलं, आणि आता मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"नोकरी कायम हू दे न्हाईतर न हू दे. ते बाबांचं हुतं. माझं येगळं हाय. ज्येला ज्येला सांगितलंय माझं नाव, त्येला त्येला जाऊन खरं सांगा. सगळ्यास्नी. मग मी येते. तवर न्हाई."

आणि गेली. मी सरांची डाळ उचलून नेली. त्या दिवशी ती प्यायची त्यांनाही शुद्ध नव्हती.

कुणाला वाटेल की ते दुसऱ्या दिवशी उठून निघाले. छे. त्यांनी आधी दिवाळीनंतरची पाळी गाठली. नवी कार्डं, आणि या वेळी पुण्यालाच ठेवली. उत्तर यायला दोन-तीन महिने गेले, कारण एकदा चालवून भागत नव्हतं. आलं तेव्हा माझ्याकडं धावत आले. ते तुरट द्रव्य सगळ्याच मण्यांना सारखं धरत नव्हतं. एका ठरावीक जातीच्या मण्यापाशी ते फार सुखानं बसत होतं, चपटं चपट्याला चिकटावं तसं. अंगणात त्यांनी तारेच्या कडबोळ्यानं जे चाचपलं होतं, जवळपास तेच. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मी परातीत पीठ मळत होते, पांढरं. संक्रांत होऊन गेली होती, मालदांडीची नवी ज्वारी बाजारात आली होती, रेशनचा मिलो कुणी आता जनावरापुढंसुद्धा टाकत नव्हतं. मी म्हटलं, बरं झालं. दुसरं काय म्हणणार?

"निलव्वाला सांगायला हवं," ते म्हणाले.

मी म्हटलं, तिनं दुसरंच काहीतरी सांगायला सांगितलं होतं.

सर उठून खोलीकडं गेले. कोण कुणाचा हात धरतं ते शोधून काढलेला माणूस. मग एकदाची सुरुवात केली ती पंगतीपासून, कारण ती सोपी. जेवण झाल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या पूर्वीच्या एका विधानात दुरुस्ती करायची आहे. नरसय्या म्हणाला, "सर, आमाला ठाव हाय की. त्याच दिवशी कळलं." सरांना ते आवडलं नाही. कबुलीसुद्धा त्यांना नवी द्यायची होती.

प्रिन्सिपॉलांना इंग्रजीत सांगितलं. होटगीला निरोप गेला तर निलव्वाचा उलटा निरोप आला की इंग्रजीत सांगितलेलं धरणार नाही. परत जाऊन मराठीत सांगितलं. पुण्याच्या यंत्रवाल्याकडं गेले, तर त्याला आठवेचना. कुठली कार्डं, कुठलं कुंकू? यंत्र तर रोजच अडकतं. सरांना फार लागलं ते. आपली फजिती जगाच्या लक्षात असेल असा त्यांचा समज होता. आठवत नसलेल्या माणसाला त्यांनी आधी सगळं आठवून दिलं आणि मग ते खोटं होतं म्हणून सांगितलं.

त्या जूनला कॉलेजनं त्यांना परत घेतलं नाही. माझी खोली सोडून ते गेले, एका शाळेत लागले म्हणून ऐकलं. मण्यांची माळ सोडवून नेली, खुंट्या तशाच ठेवल्या. जाताना म्हणाले, "तुमच्याकडं माझं पोट बरं राहिलं अक्का." एवढं म्हणून पेटी उचलली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. मी अक्कलकोटला नणंदेकडं निघाले होते. गाडी होटगीला थांबली. दुपारची वेळ, फलाटावर फारशी माणसं नव्हती. माझ्या खिडकीसमोर चहाचा गाडा, आणि गाड्यापाशी तो तिकीट तपासनीस काळा कोट खांद्यावर टाकून चहा पीत होता. त्याच्यासमोर मळगे सर. आणखी वाळले होते. हात मागं बांधून, वर्गात प्रश्न विचारल्यावर उत्तर न येणारा पोर उभा राहतो तसे उभे. खोटं सांगून ठेवलेल्या सगळ्यांत हा शेवटचा, आणि यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण हाच सगळ्यात वाईट. याला सांगणं म्हणजे सगळ्या होटगीला सांगणं.

मागं थोड्या अंतरावर निलव्वा उभी होती. नांदायला निघाल्यासारखी, हातात कापडाची भरलेली पिशवी, पायात वहाणा. त्यांना सोडून दुसरीकडं कुठं बघत नव्हती.

सर काहीतरी बोलले. ओठ हललेले दिसले. तपासनिसानं कान पुढं केला. गाड्यावरचा चहावाला, बाकावरचे दोन हमाल, सगळे बघायला लागले. सरांनी मागं वळून बायकोकडं बघितलं, झालं का असं विचारल्यासारखं.

"मोठ्यानं सांगा," निलव्वा म्हणाली. "मला ऐकू आलं न्हाई."

सरांनी घसा खाकरला. इंजिनानं शिट्टी दिली आणि गाडी हलली.